निंगाला होता इस्तो

“निंगाला होता इस्तो, बाई. तुमाले ठेवता नाही आला.”

शेताची राखण करणारे बाबाजी एवढंच बोलले, पाटीवरची काळी भुकटी बोटाच्या टोकाने चाचपली आणि उठून बैलांकडे गेले. इस्तो म्हणजे विस्तव. त्यांच्या आवाजात राग नव्हता, चेष्टाही नव्हती. गाय आटली, विहिरीचं पाणी खाली गेलं, हे जसं सांगतात तसं त्यांनी सांगितलं. रामटेकच्या पुढे, खिंडसी तलावाच्या अंगाला असलेलं ते धानाचं शेत, डिसेंबरचा शेवटचा आठवडा, सकाळचे साडेसात. धान कधीच कापून झालं होतं, बांधीत नुसती खुंटं उरली होती आणि प्रत्येक खुंटाच्या टोकावर दव होतं. धुऱ्यावरच्या तुरी शेंगांनी लवल्या होत्या. दोन रात्री तंबूत काढायला आम्ही मायलेकी नागपूरहून गेलो होतो. लेकीला आकाश बघायचं होतं. मला त्या शिबिराच्या पत्रकातली एक ओळ घेऊन गेली होती. माचिस न वापरता आग काढायला शिका, अशी ती ओळ.

आदल्या संध्याकाळपासून मी शिकत होते. शिकवणारा मुलगा पंचविशीतला, चंद्रपूरकडचा, फार हळू आणि नीट सांगणारा. सामान मोजकं. सावरीच्या वाळक्या फांदीची चपटी पाटी, तिच्या कडेला पाचरीसारखी खाच. त्याच लाकडाची वीतभर काठी. वाकवलेल्या बांबूला सुतळी बांधून केलेली धनुकली. आणि काठीच्या डोक्यावर दाब द्यायला, मधोमध खळगा असलेला दगड. लाकूड कसं निवडायचं ते त्याने नखाने दाखवलं. नख दाबलं की खूण उमटली पाहिजे, पण ओल लागता कामा नये. काठीला सुतळीचा एक वेढा द्यायचा आणि धनुकली पुढे-मागे ओढायची. हे ओढताना माझ्या लक्षात आलं की हाताला ही चाल ठाऊक आहे. ताक घुसळताना रवीला दोरीचा वेढा असाच असायचा. आमच्या वाड्यात खिडक्या दुरुस्त करायला येणारे मिस्त्री सामत्याने भोक पाडायचे ते असंच, कमानीने, खाली भुसा सांडत. लोणी काढायची, भोक पाडायची आणि आग काढायची चाल एकच असावी, याचं मला त्या थंडीत फार अप्रूप वाटलं. यज्ञासाठी अरणी घुसळून अग्नी काढतात हे लहानपणापासून ऐकलं होतं. खालची शमीची, वरची पिंपळाची. पण मंथन हा शब्द तोवर माझ्यासाठी कीर्तनातला होता. त्या दिवशी तो खांद्यात दुखला.

रात्री काहीच झालं नाही. नुसता धूर, आणि काठी दर दोन मिनिटांनी निसटून पायावर. सकाळी उजाडल्याबरोबर मी एकटीच परत बसले. घोट्याखाली पाटी दाबून धरलेली, डावं मनगट नडगीला टेकवलेलं, उजव्या हाताने धनुकली. आधी निघते ती भुकटी कणकेच्या रंगाची, मग बदामी, मग कॉफीसारखी, आणि हात थांबवला नाही तर काळी. वास बदलतो. सुरुवातीला पेन्सिल तासल्यासारखा, पुढे भाकरीचा पापुद्रा करपावा तसा. धूर दाट झाला की हात आपोआप थांबायला बघतो, कारण आता झालं असं वाटतं. नेमकं तिथेच आणखी तीस-चाळीस ओढ्या द्यायच्या असतात. मी दिल्या. मग काठी उचलली आणि बघत राहिले. आता मी काहीच करत नव्हते, तरी खाचेतल्या भुकटीच्या ढिगातून धुराची एक बारीक दोरी सरळ वर जात होती. त्या मुलाने सांगितलं होतं, तुम्ही थांबल्यावरही धूर थांबला नाही तर समजा की विस्तव जन्मला. हाताने हळूच वारा घातला तर आत लाल टिपका दिसला. डाळिंबाच्या दाण्याएवढा.

आणि मी फोन शोधायला उठले.

फोन तंबूत होता. वीस पावलं जाणं, वीस पावलं येणं. परत आले, फोटो काढला, तो नीट आला नाही म्हणून दुसरा काढला. मग भुकटी पळसाच्या वाकाच्या, म्हणजे धाग्यांच्या, घरट्यात उचलून ठेवली. पळसाच्या मुळ्या कुटून केलेले ते वाक रात्री कोरडे खडखडीत होते, पण मी ते गवतावरच विसरले होते आणि दवाने मऊ पडले होते. मी फुंकलं. जोरात फुंकलं. लाल होतं ते काळं झालं, काळ्याचं राखाडी, आणि मऊ वाकातून ओल्या चिंधीसारखा पांढरट धूर निघून तोही थांबला. बाबाजी कधी येऊन मागे उभे राहिले होते ते मला कळलंच नव्हतं.

नागपूरला परतल्यावर आठवडाभर ते वाक्य डोक्यातून जाईना. सकाळी चहा ठेवताना लायटरचा टक् आवाज झाला की ऐकू यायचं. ठेवता नाही आला. मी आग काढायला शिकायला गेले होते. ठेवणं हे वेगळं काम आहे, त्यालाही शिकावं लागतं, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. आणि हे मला, जिचं लहानपण आजीच्या चुलीपुढे गेलं, तिला कुणीतरी सांगावं लागलं, याचं जास्त लागलं.

आमचा वाडा नागपूरच्या महाल भागात. पुढे ओटा, मग अंगण, मग ओळीने अंधाऱ्या खोल्या आणि शेवटी स्वयंपाकघर. तिथे चूल होती, वैल होता, कोपऱ्यात भुशाची शेगडी होती. त्या शेगडीच्या मधोमध बाटली उभी धरून भोवती आरागिरणीतला भुसा ठासायचा आणि बाटली अलगद वर काढायची, हे काम आम्हा नातवंडांचं. बाटली काढताना भोक ढासळलं तर सगळं परत. पण आजीचा खरा जीव चुलीत. रात्री सगळ्यांची जेवणं झाली, ओटा पुसला, की ती चुलीतली लाकडं बाहेर ओढायची, उरलेले निखारे चिमट्याने एकत्र सारायची, मधे गोवरीचा एक जाड तुकडा ठेवायची आणि वरून राख लोटायची. हलकेच, झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं तशी. सकाळी अंधारात बांगड्यांचा आवाज यायचा, मग राख बाजूला केल्याचा खरखर आवाज, मग फुंकणीचे दोन लांब श्वास, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर उजेड हलायला लागायचा. आम्ही गोधडीतून बघायचो. माचिसची पेटी देवापाशी, निरांजनाकरता. चुलीला आजीने माचिस लावलेली मला आठवतच नाही. आता हिशेब करते तेव्हा वाटतं, तिने आयुष्यात आग पेटवली असेल ती फारच थोड्या वेळा. ती कालचीच आग आज वापरायची. कालची म्हणजे परवाची, परवाची म्हणजे त्याच्या आदल्या दिवशीची. ही साखळी मागे कुठवर जात असेल याचा विचार मी त्या आठवड्यात रात्री पडल्या पडल्या करत होते.

एखाद्या दिवशी विझायचीच. पावसाळ्यात गोवरी दमट निघाली की आजी कपाळाला हात लावायची आणि मला शेजारी पिटाळायची, “जा, विस्तव घेऊन ये.” गोवरीचा तुकडा घेऊन जायचं, त्यांच्या चुलीत तो टोकाला धरवून घ्यायचा आणि उलथन्यावर ठेवून, वाऱ्याला पाठ करून, अंगण ओलांडून परत यायचं. धावायचं नाही, धावलं की ठिणग्या उडतात. रेंगाळायचंही नाही. त्या वीस-पंचवीस पावलांत हातात जी गोष्ट असायची तिचं वजन मला अजून आठवतं, आणि ते उलथन्याचं नव्हतं. कुणी बाई दारातूनच बोलून निघाली की आजी म्हणायची, “विस्तव न्यायला आल्यासारखी आलीस, बस की घटकाभर.” तिन्हीसांजेनंतर मात्र घरातला विस्तव द्यायचा नाही, असा तिचा नेम.

त्यातूनच तो शब्दप्रयोग आला असणार. अमक्यातमक्यात विस्तव जात नाही. आपण सर्रास वापरतो. दोन पुढाऱ्यांत विस्तव जात नाही, दोन सुनांत विस्तव जात नाही. मीही भांडणाचा अर्थ धरून वापरत आले, आगीचा भडका वगैरे डोळ्यापुढे आणत. खरा अर्थ किती घरगुती आणि किती कठोर आहे. ज्यांच्या चुलीतला निखारासुद्धा एकमेकांकडे जात नाही, ती घरं. जे कुणीही मागावं, कुणीही द्यावं, दिल्याने काही कमी होत नाही, तेही थांबलेलं.

आमच्याकडे थांबलं. वाड्याची वाटणी झाली तेव्हा मी कॉलेजात होते. अंगणात भिंत आली, स्वयंपाकघरं दोन झाली, बाबा आणि काका एकमेकांशी बोलेनासे झाले. त्याच सुमारास दोन्हीकडे गॅस आला, त्यामुळे विस्तव न्यायचा प्रश्नच उरला नाही आणि तो जात नाही हे कुणाला दिसलंही नाही. आजीची चूल परसात गेली, अंघोळीच्या पाण्यापुरती. नंतर तीही बंद पडली, गुडघ्यांनी बसवेना म्हणून. ती गेली त्या पहाटे बाबांनी परंपरेप्रमाणे मडक्यात विस्तव धरून पुढे चालायचं होतं, आणि घरात विस्तव नव्हता. दोन्ही स्वयंपाकघरांत मिळून एक निखारा नव्हता. कुणीतरी बाजारातून गोवऱ्या आणल्या, त्यावर कापूर ठेवला. आमचा लायटर त्या गर्दीत सापडेना. तेव्हा भिंतीपलीकडून काकू आली, डोक्यावरचा पदर सावरत, तिच्या ओट्यावरचा लायटर घेऊन. तिने टक् टक् केलं, कापराने धरलं, तिने ते मडकं उचलून बाबांच्या हातात दिलं. कुणी काही बोललं नाही. गंगाबाई घाटापर्यंत मी बाबांच्या पाठीकडे आणि त्या मडक्यातून निघणाऱ्या धुराकडे बघत होते. जिने एवढी वर्षं निखारा मरू दिला नाही तिच्या वाट्याला कापराची आग, याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. आजही वाटतं. पण काकूचा तो लायटर धरलेला हातही आठवतो, आणि मग नेमकं काय वाटतं ते मला सांगता येत नाही.

शिबिराच्या त्या सकाळी बाबाजी बैलांना कुटार टाकून परत आले होते हे सांगायचं राहिलं. बनियनवर घोंगडी, कमरेला कापडी चंची. त्यातून त्यांनी बोटभर लांबीचा, दोन्ही टोकांना वळवलेला लोखंडाचा तुकडा काढला. चकमक. “माह्या बापाची हाय,” म्हणाले. एक पांढरी गार, कडा तुटलेली. आणि एका जुन्या नळकांडीत सावरीचा कापूस, उन्हाळ्यात बोंडं फुटतात तेव्हा गोळा केलेला, थोडा जाळून काळा केलेला. गारेच्या कडेवर कापसाची चिमूट अंगठ्याने धरली आणि वरून चकमक ओढल्यासारखी मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्या वेळी कापसाच्या कडेला लाल रेघ सरकायला लागली. ज्वाळा नाहीच. नुसती एक रेघ, चालणारी. बिडी पेटवायला तेवढी पुरे, असं ते म्हणाले. लगेच अंगठ्याने नळकांडीचं तोंड दाबलं, रेघ विझली, उरलेला कापूस पुढच्या खेपेला शाबूत.

मला वाटायचं ठिणगी दगडातून निघते. लहानपणी घर बांधायला टाकलेल्या कन्हानच्या रेतीच्या ढिगातून आम्ही पांढऱ्या गारगोट्या वेचायचो आणि गोधडीत डोकं घालून एकमेकींवर घासायचो. अंधारात आतून पिवळसर उजेड यायचा, आणि फटाका उडून गेल्यावर येतो तसा वास. त्या उजेडाने कापूस कधी पेटला नाही, आणि आम्हाला कधी कळलं नाही का. तो उजेड थंड. चकमकीची ठिणगी ही लोखंडाची असते. गार पोलादापेक्षा कठीण, ती त्याचा केसाएवढा कण तासून काढते, आणि तो कोरा कण हवेला लागताच जळून लाल होतो. म्हणजे दर बिडीमागे बाबाजींच्या वडलांच्या चकमकीतला एक कण जळून जातो. तिची धार झिजून गुळगुळीत झालेली मी हातात घेऊन पाहिली. काटोल रोडवरच्या जुनापाणीची शिळावर्तुळं मी शाळेच्या सहलीत पाहिली होती, आणि माहुरझरीचे अकीकाचे मणी वस्तुसंग्रहालयाच्या काचेआड. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी याच मातीत लोक लोखंड घडवत होते आणि गारेच्याच जातीचे दगड घासून मणी करत होते. लोखंडावर दगड आपटला तर काय होतं ते त्यांतल्या कुणाच्या तरी मांडीवर पहिल्यांदा उडालं असेल. शाळेत असताना त्या गोल मांडलेल्या दगडांत मला काहीच दिसलं नव्हतं.

बाबाजी आगीच्या बाबतीत फार कडक. पहिल्या रात्री त्या मुलाने शेकोटी मोहाच्या झाडापासून दहा पावलांवर मांडली तर त्यांनी ती उचलून पार बांधीच्या मधोमध न्यायला लावली, भोवती गवत खरवडून काढलं, खड्डा केला. जंगल शंभर-दीडशे मीटरवर सुरू होत होतं. थंडीत एवढी भीती कशाला, असं कुणीतरी म्हणालं. ते म्हणाले, “आग मैना नाही पाहत.” मग सांगू लागले. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वनखात्याचा आगीचा हंगाम, त्याआधी जाळरेषा काढायला हेही रोजंदारीवर जायचे. आपणच पट्टा जाळायचा, म्हणजे वणवा तिथे येऊन उपाशी मरतो. मोहफुलं पडायला लागली की झाडाखालचा पाला पेटवून जागा साफ करतात, फुलं दिसावीत म्हणून. लोक टोपली भरून घरी जातात आणि मागे ती आग सरपटत राहते. स्वतः कधी पेटवला होता का, हे मी विचारलं नाही. त्यांनीच थोड्या वेळाने सांगितलं, एकदा, तरुणपणी. किती जळलं ते सांगितलं नाही. दुसऱ्या रात्री झोपायच्या आधी ते बादली घेऊन आले आणि शेकोटीत पाणी ओतून, हाताने राख कालवून, तळहात आत टेकवून बघितला. आगीशी असं हाताने बोलणारा माणूस मी आजीनंतर तेव्हाच पाहिला. एकीने राख लोटून जिवंत ठेवली, दुसऱ्याने राख कालवून मारली, तळहात दोघांचाही सारखाच काळा. आग विझवायला शिकवणारं राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५७ पासून आमच्याच नागपुरात आहे, त्याच्या फाटकावरून मी कितीदा गेले असेन. शहरात आग म्हणजे एकतर गॅसचं बटण नाहीतर लाल गाडी. मधलं सगळं गेलं.

निघताना बाबाजींनी वाक दिले, एक जुडी. “घरी करून पाहा. पन आधी ठेवाची जागा करजा.”

जानेवारीत थंडी पुन्हा उतरली. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपुरात पारा ३.५ वर गेला होता, तशी नव्हे, पण गच्चीवर बसलं तर पाय बधिर होतील इतकी. मी जुन्या बाजारातून लोखंडी घमेलं आणलं, चकमकीऐवजी सुताराकडून तुटकी कानस मागून आणली, बुधवार बाजारात गोवऱ्या मिळाल्या. पाच रात्री गेल्या. कानशीची ठिणगी पडायची, कापूस धरायचा नाही; धरला तर मीच घाईने फुंकायचे. सहाव्या रात्री धरला. या वेळी वाक माझ्या स्वेटरच्या आत पोटाशी होते, संध्याकाळपासून. फुंकर अशी घातली की मलाच ऐकू येऊ नये. लाल वाढलं, वाकाने एकदम पेट घेतला, काड्या, चिपाटं, मग गोवरी. लेक शेजारी कानटोपी घालून बसली होती, तिने हात शेकले. फार बोललो नाही. अकराला उठताना मी निखारे चिमट्याने एकत्र केले, मधे गोवरीचा जाड तुकडा ठेवला, वरून राख लोटली. हात आजीसारखा वळावा असं वाटत होतं. वळला नाही. राख धपकन पडली.

झोप लागली नाही नीट. साडेपाचला गच्चीचं दार उघडलं तर कडेच्या कठड्यावर दव, घमेल्याचा काठ बर्फासारखा. राखेवर तळहात धरला. वर काहीच नाही. बोटं आत घातली तेव्हा कुठेतरी खोल ऊब लागली, आजारी माणसाच्या कपाळाला लागते तेवढी. मी लेकीला हाक मारली. ती डोळे चोळत आली, दोन्ही हात काखेत, आणि काखेत वाक. रात्री उशाशी घेऊन झोपली होती म्हणाली. मी चमच्याने राख सारायला लागले, एकेक थर. करडी, मग पांढरी, मग एकदम मऊ, पिठासारखी. आणि मग गोवरीच्या पोटात, एका फटीच्या आत, तो दिसला.

“आई,” ती हळूच म्हणाली, “फोन नको आणू.”

माझे दोन्ही हात राखेत होते. ती गुडघ्यांवर बसली, वाक जवळ आणले आणि श्वास आत घेऊन थांबली.